एका इंचाचा आळ

मी एक जुनी चेसी आहे, मित्रांनो, आणि तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल असे मला वाटत नाही. गाडी म्हटले की तुम्हाला रंग दिसतो, दिवे दिसतात, हॉर्न ऐकू येतो. त्या सगळ्याच्या खाली, चिखल आणि धूळ खात, दोन लांब लोखंडी दांडे असतात आणि त्यांना धरून ठेवणारे काही आडवे दांडे. शिडी जमिनीवर आडवी टाकावी तसा माझा आकार. इंजिन माझ्यावर, सीट माझ्यावर, बसणारेही माझ्यावर. कौतुक मात्र बॉनेटचे. मी काही तक्रार करायला बसलेली नाही, असे म्हणणार होते. पण खरे सांगायचे तर मी तक्रारच करायला बसले आहे, आणि ती कोणा परक्याबद्दल नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्रा मोठ्या प्रेसखाली दाबून माझे दांडे घडवले, रिव्हेट ठोकून ते एकमेकांना बांधले आणि काळ्या रंगाच्या हौदात मला बुडवून वाळत टांगले. शेजारी ट्रकच्या लांबलचक चेसी टांगल्या होत्या. आपणही एखाद्या ट्रकच्या नशिबी जाऊ असे मला वाटत होते, पण वाट्याला आली एक आखूड, चौकोनी, चारचौघांत उठून न दिसणारी गाडी. दोन मालक झाले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, कारण त्यांनी कधी वाकून खाली पाहिले नाही.

तिसरा मालक मात्र वाकून पाहणारा निघाला. तो भाड्याने गाडी चालवायचा. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणे, म्हणून मीही त्याला दादाच म्हणते. ती लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होती आणि वर्कशॉपच्या मागच्या एका खोलीत एकटीच राहायची. दादाची मुलगी तिला आत्या म्हणायची. तेव्हा माझीही ती आत्याच.

दादाने माझ्यावरून काय काय वाहिले म्हणून सांगू! शाळेची मुले, सिमेंटच्या गोण्या, आजारी माणसे, एकदा तर एक अख्खे कपाट आणि त्याला मिठी मारून बसलेला त्याचा मालक. पण आठवड्याला पाण्याचा पाइप लावून तो मला पोटाखालून धुवायचा, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेल द्यायचा आणि दांड्यावर थाप मारून म्हणायचा, "गाडीचं बाकी सगळं बदलेन, पण ही चेसी नाही. ही आमच्या घरची आहे." लोखंडाला काय, कोणी दोन शब्द गोड बोलले की ते भुलते. मी भुलले.

मग दादाच्या डोक्यात एक खूळ शिरले. रस्त्यात कुठेतरी त्याने चाकांवरचे घर पाहिले. गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा करायचा. झाले! रात्रंदिवस तोच विषय. आपल्याच गाडीला मागे लांब खोली बांधायची, दोन्ही बाजूंना फळ्या, मधे स्टोव्ह. दादाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "घरातला नळ वर्षभर गळतोय आणि हे गाडीत स्वयंपाकघर बांधणार." पण दादा ऐकणाऱ्यांतला नव्हता. अडचण एकच होती. मी आखूड होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. दादाने पाय आधी पसरले आणि मग अंथरूण लांबवायला घेतले.

"चेसी मधून कापायची आणि तुकडा घालून जोडायची," तो आत्याला म्हणाला. "जोडशील?"

आत्याने खाली वाकून माझे दांडे बोटांनी चाचपले. "जोडीन की. लोखंड चांगलं आहे. पण मापं तू घे, दादा, आणि नीट घे. एकदा जोडलं की मग ते रबर नाही, ओढून सरळ व्हायला."

"अगं, मापाचं काय एवढं! आणि ऐक, खिडकीची सीट तुझी. पहिली फेरी समुद्रावर. तू अजून पाहिला नाहीस ना?"

आत्याच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी खालून पाहिले. त्या दिवसापासून तिचे रविवार माझे झाले.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यावरचे सगळे उतरवले. मला ठोकळ्यांवर ठेवले आणि ग्राइंडरने कापले. दुखले का, म्हणून विचाराल. दुखले. पण आत्याने काप तिरका घ्यायला लावला होता, म्हणजे जोड एका रेषेत येत नाही आणि भार आला तरी पटकन तुटत नाही. कापण्याआधी तिने खडूने रेघ मारली आणि ती पुसट वाटली म्हणून पुन्हा मारली. आपल्या माणसाच्या हातून शस्त्रक्रिया होत असली की जीव निम्मा घाबरतो. मी दोन तुकडे होऊन निमूट पडून राहिले.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळा घोळ इथेच झाला.

दादाच्या घरी एकच टेप होता आणि त्याचा पहिला इंच तुटलेला होता. नवा घ्यायचे कोणाच्या मनात आले नाही. त्या घराची रीतच पडली होती. फळी मोजा, पडदा मोजा की मुलीची उंची मोजा, टेपचे टोक एकच्या आकड्यापासून सुरू होते हे लक्षात ठेवायचे आणि एक इंच जास्त धरायचा. वहिनींचे पडदे त्याच टेपवर बेतलेले होते आणि अगदी फिट बसले होते. पाहुण्यांचा गोंधळ व्हायचा, घरच्यांचा कधीच नाही.

मला जोडायला तीस इंचांचे दोन तुकडे हवे होते, डाव्या दांड्याला एक आणि उजव्याला एक. डावा तुकडा दादाने घरच्या टेपने मोजला, रिवाजाप्रमाणे एकतीसवर खूण केली आणि कापला. बरोबर तीस भरला. मग उजवा मोजायला गेला तर टेप सापडेना. मुलीने तो चित्राच्या कागदासाठी आत नेला होता. आत्याने रविवारच्या कामासाठी ठेवून दिलेली पिशवी शेडमध्ये खिळ्याला लटकत होती, तिच्यात तिचा कामाचा टेप होता, नवा कोरा, टोकापासून शाबूत. दादाने तो घेतला. हात मात्र जुनाच होता. त्याने सवयीने एकतीसवर खूण केली आणि कापला.

उजवा तुकडा एक इंच मोठा झाला. तो माझ्या दांड्याला टेकवला तेव्हाच मला कळले. मी काय करणार? लोखंड वाजते, बोलत नाही.

जोडण्याच्या रविवारी आत्या सकाळीच आली. दादाने तुकडे आधीच जागेवर बसवून चिमट्यांनी आवळले होते. आत्याने हातमोजे घालता घालता विचारले, "कर्ण ताणून बघितलेस का, दादा?"

कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, मग दुसरीकडूनही तशीच. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या की चौकट सरळ. पाच मिनिटांचे काम. पण नेमका तेव्हा वहिनींचा भाऊ आला होता आणि दादा त्याला गाडीत स्टोव्ह कुठे येणार, पाणी कुठे साठवणार, याचा नकाशा हवेत हातांनी काढून दाखवत होता.

"बघितले की," दादा मान न वळवता म्हणाला. "दोन्ही सारखे आहेत."

मोठ्या भावाचा शब्द. आत्याने काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढला आणि कामाला लागली. असे काम मी कारखान्यातही पाहिले नव्हते. थोडे इकडे जोडायचे, थोडे तिकडे, मग थांबायचे, लोखंडाला निवू द्यायचे, कारण एकाच बाजूने तापवत गेले तर लोखंड त्या बाजूला ओढले जाते. जोडावर आतून तिने पट्ट्या दिल्या. तिच्या मनगटावर ठिणगी पडून फोड आला, तर ती फोडावर फुंकर घालून पुन्हा बसली. संध्याकाळी तिने मुखवटा वर केला आणि माझ्या जोडावरून हात फिरवला. मला तेव्हा इतका अभिमान वाटत होता की उजव्या बाजूच्या त्या इंचाचा क्षणभर मला विसर पडला.

मग माझ्यावर खोली चढली, पत्र्याची आणि लाकडाची. रंग झाला. पडदे लागले. पहिल्यांदा रस्त्यावर काढायच्या दिवशी अख्खे घर गोळा झाले. वहिनींचा भाऊ आला, शेजारी आले, आणि आत्याच्या वर्कशॉपचे शेठही आले, कारण वेल्डिंगचे मोठे मशीन त्यांनीच दिले होते. गाडी नुकतीच धुतल्यामुळे दारासमोरचा रस्ता ओला होता. दादाने गाडी सुरू केली आणि लांबवर नेली.

ओल्या टायरांच्या रेघा कोरड्या रस्त्यावर उमटल्या. पुढच्या चाकांच्या दोन, आणि त्यांच्या शेजारून मागच्या चाकांच्या वेगळ्या दोन. मी खेकड्यासारखी तिरकी चालत होते. स्टेअरिंग सरळ धरले तर गाडी डावीकडे जाई, गाडी सरळ ठेवली तर स्टेअरिंग वाकडे.

वहिनींचा भाऊ म्हणाला, "भाऊजी, गाडी समुद्रावर न्यायचीय की शेजारच्यांच्या अंगणात?"

सगळे हसले. मुले तर पोट धरून हसली. दादा खाली उतरला. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याने एकदा रेघांकडे पाहिले, एकदा मेहुण्याकडे, आणि मग तो बोलला.

"वेल्डिंगनं ओढ घेतली. दुसरं काय?"

आत्या पुढे झाली. "दादा, कर्ण..."

"मोजले होते म्हणून सांगितलं ना! मापं चोख होती. घरचं माणूस म्हणून काम दिलं, हीच माझी चूक."

मित्रांनो, मला कापले तेव्हा जेवढे दुखले नाही तेवढे त्या वाक्याने दुखले. मी आत्याकडे पाहत होते. ती भांडेल, असे मला वाटले. ती भांडली नाही. आपल्या हातांकडे पाहत राहिली. तापलेले लोखंड ओढ घेते हे तिला माहीत होतेच, आणि दादा खोटे बोलेल असे तिला कधी वाटलेच नव्हते. मग उरले कोण? तिचे स्वतःचे हात. तिने ते पदराला पुसले आणि ती मागे सरकली.

शेठ वाईट माणूस नव्हते, पण धंदा करणारे होते. लोकांच्या दारातले गेट वाकडे झाले तर नाव त्यांचे जाते. जाताना ते तिला हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, काही दिवस तुम्ही जोडकाम राहू द्या. रंगाकडे बघा." दुसऱ्या दिवशी आत्याने रंगाचा ब्रश हातात घेतला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर दादा एकटा शेडमध्ये आला. त्याच्या हातात टेप होता, बाजारातून आणलेला नवा. त्याने माझा डावा तुकडा मोजला. उजवा मोजला. पुन्हा मोजला. मग ठोकळ्यावर बसला. मला वाटले, आता हा उठेल, पायांत चपला सरकवेल आणि बहिणीच्या खोलीकडे जाईल. रस्ता काही लांबचा नव्हता. उठला तो खरा, पण हात धुऊन जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेडचे दार आतून लावून घेतले. माझा मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाके धरणारा दांडा, ज्या पाट्यांवर बसतो, त्यांतला उजवीकडचा पाटा धरणारा कंस त्याने सोडवला आणि एक इंच पुढे घेतला. त्यासाठी जुन्या भोकांना खेटून नवी भोके पाडली. चाक सरळ झाले. मग माझ्या अंगावर, जोडांवर, भोकांवर, सगळीकडे डांबर फासले, म्हणजे खालून कोणाला काही दिसू नये. शेडबाहेर काढून दाखवले तर मी सरळ चालले. लोकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बहिणीनं घोळ घातला होता, मी निस्तरला." म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर!

पहिली फेरी समुद्रावरच गेली. खिडकीच्या सीटवर वहिनींचा भाऊ बसला. मुलीने विचारले, "आत्या कुठंय?" दादा म्हणाला, "तिला काम आहे." मी त्यांना नेले आणि आणले. मी दुसरे काय करू शकत होते? वाळूत माझी चाके रुतली तेव्हा मात्र मी जरा जास्तच रुतून बसले, हे कबूल करते.

पुढे माझे खूप नाव झाले. लोक मला पाहायला येत, फोटो काढत. दादा दर वेळी मुलाखत दिल्यासारखा बोलायचा. आत्याचे नाव निघाले की तो विषय बदलायचा. रविवारी ती येईनाशी झाली. मुलगी एकदा तिला भेटून आली आणि आईला सांगत होती, "आत्या आता नुसती गेटं रंगवते. मी म्हटलं, ठिणग्या दाखव ना, तर म्हणाली, माझा हात बिघडला." मी ते शेडमध्ये उभी राहून ऐकले. दांडा हलवता आला असता तर मी त्या दिवशी ते डांबर झटकून टाकले असते.

पण लपवलेले लोखंड फार दिवस गप्प बसत नाही. भोकाला भोक खेटलेले, मधे लोखंड उरले करंगळीएवढे. एक दिवस चढावर माझ्या उजव्या दांड्यातून कडकन आवाज आला. भोकांमधून तडा गेला होता. मला दोरीने ओढत जवळच्या वर्कशॉपमध्ये आणले, आणि जवळचे वर्कशॉप म्हणजे शेठचेच. दुसरा वेल्डर त्या दिवशी रजेवर होता.

शेठने हाक मारली, "बाई, जरा बघता का?"

आत्या रंगाचा ब्रश हातात घेऊन आली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "नको, शेठ. माझ्याच हातानं बिघडलेलं आहे ते. मी हात लावणार नाही."

"जोडू नका. नुसतं बघा, काय झालंय ते सांगा."

दादा लगबगीने म्हणाला, "तिला कशाला त्रास? दुसरा माणूस येईल उद्या." पण आत्या तोवर माझ्याखाली सरपटत आली होती.

तिने पत्र्याच्या तुकड्याने डांबर खरवडले. तडा दिसला. मग भोके दिसली, जुनी आणि नवी, एकमेकांना खेटलेली. ती थांबली. मग तिने माझे जोड खरवडून पाहिले. तिची शिलाई जशीच्या तशी होती, केसाएवढीही हललेली नाही. तिने कमरेचा टेप काढला, डावा तुकडा मोजला, उजवा मोजला, आणि मग ती माझ्या पोटाखाली नुसती पडून राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होते. माझ्याशिवाय ते कोणी पाहिले नाही.

बाहेर आल्यावर तिने सरळ विचारले, "दादा, तुला कधीपासून माहीत होतं?"

दादा पायाशी पडलेला एक नट उचलून बघू लागला. "त्याच दिवशी संध्याकाळी कळलं."

"आणि तू आला नाहीस."

"येणार होतो गं. मग म्हटलं, आता सरळ चालतेय ना... कशाला उगाच..."

"नुसतं म्हणाला असतास, 'माझं चुकलं', तर पुढच्या रविवारी येऊन मी परत कापून जोडलं असतं. वर चहाही मीच केला असता." तिचा आवाज मोठा झाला नाही. "मी माझ्या हातांना किती शिव्या घातल्या, माहीत आहे तुला?"

एवढ्यात शेठ जवळ आले. "काय निघालं?"

मी जीव मुठीत धरून होते. आता तरी दादा बोलेल. बहीण समोर उभी आहे, तडा समोर आहे, टेप समोर आहे. दादाने घसा खाकरला.

"काही नाही, शेठ. हिचा दोष नाही. लोखंडच जुनं होतं. सडलं होतं आतून."

माझ्यावर! बहिणीवरचा आळ काढला आणि उचलून माझ्यावर टाकला. सिमेंटच्या गोण्या, कपाटे, आजारी माणसे वाहिली ती मी. इंच चुकवला त्याने, भोके पाडली त्याने, आणि सडलेली मी! आमच्या घरची आहे म्हणणारा हाच तो माणूस. मला थाप मारणारा हाच हात.

"लोखंडात खोट नाही," आत्या म्हणाली. तिने शेठला खाली वाकायला लावले, बॅटरीचा उजेड पाडला आणि एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवली. शेठ सरळ झाले तेव्हा दादाकडे त्यांनी पाहिलेही नाही. "बाई," ते म्हणाले, "ब्रश ठेवा. तुमचा वेल्डिंगचा होल्डर घ्या हातात."

आत्या आता पुन्हा जोडकाम करते. मला मात्र तिने जोडले नाही. "ही चेसी आता माणसं वाहायच्या लायकीची राहिलेली नाही," ती म्हणाली, आणि ते बरोबर होते. दादाने माझ्यावरची खोली, सीट, पडदे, स्टोव्ह, सगळे उतरवून नेले. मी वर्कशॉपच्या कुंपणाला टेकून पडून आहे. उन्हात तापते, पावसात भिजते, आणि माझ्या अंगावर गंज धरू लागला आहे.

परवा दादा आला होता. आत्याला भेटायला, असे म्हणाला. ती मुखवटा खाली ओढून काम करत राहिली, आणि ठिणग्यांजवळ कोणाला जाता येत नाही. मग तो माझ्याकडे आला. आजूबाजूला कोणी नव्हते. त्याने माझ्या दांड्यावर पूर्वीसारखा हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, खोटे कशाला सांगू. निदान मला तरी हा खरे सांगेल, असे मला वाटले. मी कोणाला जाऊन सांगणार होते?

तो म्हणाला, "तुझ्यामुळे झालं हे सगळं."

आणि निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला तेल द्या, पुसून ठेवा. मी त्यातले काही मागत नाही. मला कापा, लांबवा, उन्हात टाका, भंगारात घाला. चुकाही करा, माप सगळ्यांचेच चुकते. पण चूक झाली की ती आपल्या हातात धरून, त्याच दिवशी, ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जा. आपल्या चुकीचे खापर दुसऱ्याच्या माथ्यावर फोडू नका, माणसाच्याही नाही आणि बोलू न शकणाऱ्या लोखंडाच्याही नाही. गंज मला खाईल तेव्हा खाईल. तोवर कोणी विचारले तर एवढेच सांगा, की ती चेसी सडलेली नव्हती.